शिडांच्या जहाजांचीं जुनीं युद्धचित्रें

पुष्कळशा जुन्या घरांतून भिंतीवर चित्रें असतात. परंतु तीं पाहण्याचा प्रघात मात्र फारसा आढळत नाहीं. देवादिकांच्या चित्रांस नमस्कार घडतो, वडिलांच्या तसबिरीस वर्षांतून एकदां हार पडतो, आणि उरलेलीं चित्रें भिंतीचे पोपडे झांकण्याच्या कामीं येतात. अशा उपेक्षित चित्रांपैकीं एका जातीविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें. ही जात म्हणजे शिडांच्या जहाजांच्या काळांतील समुद्रयुद्धांचीं छापील चित्रें. धुराचे लोट, त्यांतून वर निघालेल्या डोलकाठ्या, चाळणी झालेलीं शिडें, आणि खालीं लाटांवर तरंगणारे लाकडाचे तुकडे, असा देखावा असलेलें एखादें पिवळट पडलेलें चित्र वाचकांपैकीं कांहींनीं तरी जुन्या दिवाणखान्यांत अथवा जुन्या बाजारांत पाहिलें असेल.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, असें चित्र बहुधा एकट्याच्या हातचें नसतें. एकानें रंगचित्र काढावयाचें, दुसऱ्यानें तें तांब्याच्या पत्र्यावर कोरावयाचें, आणि तिसऱ्यानें तें छापून विकावयाचें, अशी ही परंपरा. छायाचित्राची विद्या निघण्यापूर्वीं समुद्रावर काय घडलें हें घरबसल्या पाहण्याचा लोकांस दुसरा मार्ग नव्हता. विजयाची वार्ता आली कीं चित्रविक्रेत्यांची एकच धांदल उडे, आणि थोड्याच महिन्यांत तो संग्राम दुकानाच्या खिडकींत टांगलेला दिसे. थोडक्यांत, आज जें काम वर्तमानपत्रांतील छायाचित्रें करितात, तें त्या काळीं ताम्रपट करीत असत.

या विद्येचे आद्य आचार्य डच लोक. सतराव्या शतकांत विलेम व्हान डे व्हेल्डे या नांवाचे पितापुत्र चित्रकार होऊन गेले. पिता हा केवळ घरीं बसून कल्पना लढविणारा नव्हता. १६६६ च्या जून महिन्यांत इंग्रज व डच यांच्यामध्यें चार दिवस तुंबळ युद्ध चाललें, तेव्हां हा गृहस्थ एका लहानशा गलबतांत बसून दोन्ही आरमारांच्या आसपास हिंडत होता व कागदावर रेषा ओढीत होता! पुढें १६७२-७३ च्या सुमारास हे दोघे इंग्लंडांत जाऊन राहिले, आणि १६७४ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें प्रत्येकास वर्षाला १०० पौंड नेमणूक करून दिली. पित्यानें युद्धाचे आराखडे काढावे व पुत्रानें ते रंगवावे, अशी कामाची वांटणी होती. ज्या हातानें डचांचे विजय रेखाटले त्याच हातानें त्यांच्या शत्रूचे विजय रेखाटले. कलावंताचें पोट आणि राजाची कीर्ति यांचा संबंध असा फार जुना आहे.

छापील चित्राचा खरा उपयोग काय, हें समजण्यास आणखी एक उदाहरण पुरेसें आहे. १५८८ सालीं स्पेनच्या आरमाराचा इंग्लंडनें मोड केला, त्या प्रसंगाचीं दहा मोठीं विणलेलीं चित्रपटें इंग्लंडच्या सरदारसभेंत लावलेलीं होतीं. जॉन पाइन या कोरक्यानें त्यांवरून ताम्रपट तयार करून १७३९ सालीं त्यांचें पुस्तक काढलें. कसर लागून किंवा कांहीं अपघात होऊन हीं वस्त्रें नष्ट होतील, ही त्याची भीति होती. ती पंचाण्णव वर्षांनीं खरी ठरली! १८३४ च्या ऑक्टोबरांत पार्लमेंटच्या इमारतीस आग लागली व तीं चित्रपटें जळून गेलीं. आज त्यांचें स्वरूप जाणावयाचें तर पाइनच्या कागदाखेरीज गति नाहीं. लोकरीचें व रेशमाचें मूळ गेलें, आणि कागदावरची नक्कल तेवढी राहिली.

अशा चित्राच्या खालच्या कडेस बारीक अक्षरांत लॅटिन शब्द असतात. डावीकडे चित्रकाराच्या नांवापुढें ‘पिंक्सिट’ म्हणजे ‘यानें रंगविलें’, उजवीकडे कोरक्याच्या नांवापुढें ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ‘यानें कोरलें’, आणि मध्यें प्रकाशकाचें नांव व तारीख. ही तारीख घालण्याचा निर्बंध इंग्लंडांत १७३५ च्या कायद्यानें झाला व त्यायोगें चित्राच्या मालकास १४ वर्षें हक्क मिळूं लागला. म्हणूनच या चित्रांचा काळ ठरविणें सोपें जातें. आमचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें, तेव्हां या ‘पिंक्सिट’च्या धातूशीं आपल्या ‘पिंगल’ शब्दाचें नातें भाषाशास्त्रज्ञ जोडतात हें वाचून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. आपली ‘नौ’ आणि इंग्रजांची ‘नेव्ही’ ह्या तर सख्ख्या बहिणीच होत.

चित्र कोणत्या रीतीनें छापलें हेंहि थोड्या सरावानें ओळखतां येतें. तांब्यावर टोकदार हत्यारानें कोरून छापलेल्या कागदावर पत्र्याच्या कडांचा दाब उमटतो. बोट फिरविलें असतां तो हातास लागतो. राळेची भुकटी पत्र्यावर बसवून तेजाबानें खावविलेल्या चित्रांत धूर व आकाश यांच्या सौम्य छटा साधतात, आणि समुद्रयुद्धांत धूर व आकाश यांवांचून दुसरें आहे काय? तांबें मऊ असल्यानें शेंकडों प्रती निघाल्यावर रेघा झिजतात व पुढच्या प्रती फिक्या येतात. म्हणून जाणते लोक आधींची प्रत शोधतात. पुढें शिळाछाप निघाला. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यांतून घरोघरीं गेलेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं चित्रें याच शिळाछापाचीं अपत्यें होत.

असो. इतका प्रपंच करण्याचें कारण असें कीं, आमच्या सातारच्या घरीं असें एक चित्र आहे. आमचे थोरले बंधु मुंबईस गोदींत कारकून होते. सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं त्यांनीं चोरबाजारांत एका भंगारवाल्याकडून तें विकत आणलें. चौकटींत बसावें म्हणून पूर्वीच्या कोणा मालकानें खालची पांढरी कड कापून टाकलेली; त्यामुळें चित्रकार, कोरक्या, प्रकाशक व तारीख हीं सर्व गेलीं. ‘नावारिनोची लढाई’ अशा अर्थाचा अर्धामुर्धा मथळा तेवढा शिल्लक. मध्यभागीं एक मोठें दोन मजली तोफांचें जहाज, त्याच्या दोहों अंगांस तुर्की निशाणांचीं जहाजें, मागची डोलकाठी मोडून पडलेली. आणि मधल्या जहाजाच्या पिछाडीवर बारीक अक्षरांत ‘एशिया’ हें नांव. बंधूंनीं चित्र घेतलें तें या चार अक्षरांसाठीं.

नावारिनोची हकीकत थोडक्यांत अशी. १८२१ सालीं ग्रीक लोकांनीं तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडण्यासाठीं सुलतानानें इजिप्तच्या महंमद अलीची मदत घेतली, आणि त्याचा पुत्र इब्राहिम पाशा सैन्य घेऊन ग्रीसच्या दक्षिण भागांत उतरला. ६ जुलै १८२७ रोजीं इंग्लंड, फ्रान्स व रशिया यांनीं लंडन येथें तह करून हा संहार थांबविण्याचें ठरविलें. २० ऑक्टोबर १८२७ रोजीं दुपारीं या तिघांचीं मिळून २७ जहाजें नावारिनोच्या खाडींत शिरलीं. तुर्की व इजिप्शियन आरमार तेथें घोड्याच्या नालासारखें नांगरलेलें होतें, व जहाजांची संख्या तिकडे पुष्कळच अधिक होती. इंग्रज सेनापति कॉड्रिंग्टन, फ्रेंच सेनापति द रिन्यी व रशियन सेनापति हेडन यांनीं आपलीं जहाजें समोरासमोर नेऊन नांगरलीं. आग्या जहाजें दूर न्यावीं म्हणून सांगावयास एक होडी गेली, तिच्यावर बंदुका सुटल्या, आणि मग कोणाचेंच कोणी ऐकेना. ‘एशिया’वरून इजिप्शियन सेनापतीकडे निरोप घेऊन गेलेला ग्रीक वाटाड्या तेथेंच मारला गेला. चार तासांच्या आंत तुर्की आरमाराचा बहुतेक नाश झाला. तिघां मित्रांचें एकहि जहाज बुडालें नाहीं. त्यांचे मृत दोनशेंच्या आंत होते, तर उलट पक्षाचे हजारोंनीं मोजावे लागले. केवळ शिडांच्या जहाजांनीं लढलेलें हें शेवटचें मोठें युद्ध असें इतिहासकार मानतात. आणि गंमत अशी कीं, तें नांगर टाकून लढलें गेलें! १८३० सालीं ग्रीसचें स्वातंत्र्य मान्य झालें. पायलॉस गांवच्या चौकांत तिन्ही सेनापतींचें स्मारक आहे. परंतु खुद्द इंग्लंडच्या राजाच्या भाषणांत या विजयाचा उल्लेख एक अनिष्ट घटना म्हणून झाला, व कॉड्रिंग्टन यास १८२८ सालीं परत बोलावलें.

आतां ‘एशिया’विषयीं. हें ८४ तोफांचें जहाज इंग्लंडांत बांधलेलें नव्हे. तें मुंबईच्या गोदींत बांधलें गेलें व १८२४ च्या जानेवारींत समुद्रांत उतरलें. बांधणारे नवरोजी जमशेटजी वाडिया. लवजी नसरवानजी वाडिया हे १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून हा पारशी घराण्याचा वंशपरंपरा व्यवसाय. नवरोजींचे वडील जमशेटजी बमनजी यांनीं १८१० सालीं ‘मिंडेन’ हें ७४ तोफांचें जहाज ब्रिटिश आरमारास बांधून दिलें. १८४२ सालीं नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला तेंहि मुंबईचेंच. ‘एशिया’चा घाट तर मोठा नवलाचा: १७९८ च्या नाईल नदीच्या युद्धांत इंग्रजांनीं पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून तो घेतला होता. आराखडा फ्रेंचांचा, हुकूम इंग्रजांचा, लांकूड मलबारच्या सागाचें, हात मुंबईचे, आणि युद्ध ग्रीकांसाठीं तुर्कांशीं! सागाच्या अंगीं तेल असल्यामुळें त्यांतले लोखंडी खिळे ओकच्या लांकडांतल्याप्रमाणें लौकर गंजत नाहींत, व तोफेचा गोळा लागला असतां त्याच्या जीवघेण्या चिरफळ्या कमी उडतात, म्हणून त्याची मोठी वाखाणणी होत असे. हें जहाज १९०८ सालीं विकलें जाईपर्यंत इंग्लंडच्या सरकारच्या मालकीचें होतें.

हें सर्व बंधूंनीं हळूहळू जमविलें व घरांतील मुलांस सांगितलें. ते वारल्यावर चित्र तसेंच भिंतीवर राहिलें. परंतु दोन वर्षांपूर्वीं जुनें घर पाडून तेथें नवी इमारत उठवावयाची असें सर्वानुमतें ठरलें, आणि सामानाच्या वांटणीच्या वेळीं या चित्रावरून घरांत वाद उत्पन्न झाला. भांड्यांवरून झाला नाहीं, कपाटांवरून झाला नाहीं. ज्याची बाजारांत फारशी किंमत नाहीं अशा या कागदावरून झाला!

आमचा धाकटा पुतण्या इतिहासाचा चांगला अभ्यासू आहे. तो म्हणाला, “काका, रागावूं नका, पण ज्यांनीं दीडशें वर्षें आपल्यावर राज्य केलें त्यांचा पराक्रम आपण नव्या भिंतीवर कशाला लावावयाचा? विजयदुर्गाचें चित्र असेंच छापलेलें आहे. तेंहि लावाल काय?”

त्याचा प्रश्न वावगा नव्हता. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर तोफा डागल्या. एक गोळा तुळाजी आंग्र्यांच्या जहाजावर पडून आग लागली व ती पसरत जाऊन त्यांचें सगळें आरमार जळालें. त्या वेळीं पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट कोणत्याहि मराठी माणसास सुखानें आठवतां येत नाहीं. पुढें डॉमिनिक सेर्स या चित्रकारानें तो देखावा मोठ्या कौशल्यानें रंगविला. त्याच्या आदल्या वर्षीं सुवर्णदुर्ग घेणाऱ्या जेम्सच्या विधवेनें १७८४ सालीं लंडननजीक एका टेंकडीवर त्याच्या नांवाचा मनोरा उभारला, तो अद्याप उभा आहे. आपला पराभव त्यांच्याकडे असा जपून ठेवलेला आहे.

आम्हीं पुतण्यास उत्तर दिलें तें असें. चित्र भिंतीवर लावलें म्हणजे त्यांतील विजेत्यास वंदन केलें असें होत नाहीं. कोणत्याहि युद्धचित्रास एक बाजू असतेच. नावारिनोच्या इंग्रजी चित्रांत ‘एशिया’ मध्यभागीं, तर रशियन चित्रकार ऐवाझोव्स्की याच्या १८४६ च्या चित्रांत ‘अझोव’ हें रशियन जहाज पुढें. इंग्रज चित्रकार रेनॅगल हा त्या दिवशीं खाडींत स्वतः हजर होता व १८२८ सालीं त्यानें आपलीं चित्रें शिळाछापानें प्रसिद्ध केलीं; पण धुरानें भरलेल्या खाडींत त्याला तरी किती दिसलें असेल? खरोखरचा धूर काढावयाचा तर सबंध कागदच काळा करावा लागेल. म्हणून प्रत्येक चित्रकार आपल्या सोयीच्या ठिकाणीं धुरास भोंक पाडतो. तें भोंक कोठें पाडलें आहे हें ओळखणें, हेंच असें चित्र वाचणें होय. न्यायशास्त्रांत साक्षीदाराचा पक्ष आधीं पाहतात आणि मग त्याची साक्ष घेतात. पक्षपाती म्हणून त्यास हांकलून देत नाहींत.

दुसरें असें कीं, या चित्रांत आपला एक भाग आहे व तो कोणीं लिहून ठेवलेला नाहीं. रंगविणाऱ्याचें नांव कडेवर असतें, कोरणाऱ्याचें असतें, विकणाऱ्याचें तर ठळक असतें. जहाज बांधणाऱ्याचें नसतें. सुतार, करवत्ये, लोहार, मलबारच्या रानांतून ओंडके ओढणारे हत्ती व माणसें, यांचें तर नांवच कोण घेतो? जमशेटजींविषयीं एक आख्यायिका सांगतात कीं, त्यांनीं १८०० सालीं बांधलेल्या एका जहाजाच्या आंतल्या तुळईवर, सहसा कोणाची दृष्टि जाणार नाहीं अशा जागीं, ‘हें जहाज एका काळ्या माणसानें बांधलें’ अशा आशयाचे शब्द कोरून ठेवले होते, आणि पुढें दुरुस्तीच्या वेळीं ते उघडकीस आले. आख्यायिका खरी असो वा नसो, ती निर्माण होण्याचें कारण मात्र खरें आहे.

पुतण्यानें हें ऐकून घेतलें. परंतु त्याचें समाधान झालें नाहीं. “तर मग वाडियांची तसबीर लावूं,” तो म्हणाला. वाद असा चालला असतां आमच्या वहिनी आंतून आल्या. पतीच्या पश्चात् त्या चित्राची धूळ त्यांनींच पुसली होती, आणि त्याआधींहि त्याच पुसत. त्यांनीं जहाजाकडे बोट केलें नाहीं. उजव्या खालच्या कोपऱ्यांत मोडक्या डोलकाठीस धरून तीन माणसें पाण्यांत तरंगत आहेत व एकाचा हात वर आहे, तिकडे बोट करून त्या म्हणाल्या, “भाऊजी, इतकीं वर्षें पुसतें आहें, पण हीं माणसें कोणाकडचीं, आणि वाचलीं कीं नाहीं, हें तुमच्या भावानें मला कधीं सांगितलें नाहीं.”

त्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. डोक्यास फेटे आहेत, त्यावरून तीं तुर्की पक्षाचीं असावींत, एवढेंच सांगतां आलें. ज्यांचे हजारों मेले त्यांपैकीं तीं तिघें. बंधूंनीं जहाज पाहिलें, आम्हीं कडेवरचे लॅटिन शब्द शोधले, पुतण्यानें निशाण पाहिलें. आणि ज्या बाईनें चित्राचा इतिहास वाचला नव्हता तिची दृष्टि पहिल्या दिवसापासून बुडणाऱ्या माणसांवर होती. त्यानंतर वाद पुढें चालविण्याची कोणास फारशी इच्छा राहिली नाहीं.

शेवटीं ठरलें तें असें: चित्र वहिनींच्या खोलींत राहावें, त्यांच्या मागें पुतण्यानें तें स्वतः ठेवावें अथवा एखाद्या संग्रहालयास द्यावें, परंतु विकूं नये. चौकटीच्या मागच्या फळीवर एक टिपण लावावें अशी आम्हीं सूचना केली, व तें पुतण्यानेंच लिहिलें. त्यांत युद्धाचें स्थळ व तारीख आहे, नवरोजी वाडियांचें नांव आहे, बंधूंनीं तें कोठें व कां घेतलें हें आहे, आणि दोन्ही पक्षांच्या मृतांचा अजमास आहे. त्याचें मत पालटलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण टिपण त्यानें मन लावून लिहिलें.

ज्यांच्या घरीं अशीं चित्रें असतील त्यांस दोन व्यावहारिक गोष्टी सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. जुन्या कागदाचे शत्रु तीन: ऊन, दमट हवा व कसर. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावूं नये. पावसाळ्यांत ती ओलसर होते व कागदावर तांबूस डाग पडतात. समोर खिडकी असूं नये. कागद कांचेस चिकटूं देऊं नये. मध्यें जाड पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावें, आणि तो पुठ्ठा आम्लरहित असावा, नाहीं तर तोच कागदास पिवळा करितो. फाटलेल्या जागीं बाजारी चिकटपट्टी मुळींच लावूं नये. तिचा डिंक मुरून निघेनासा होतो. चौकट लहान पडली तर चौकट बदलावी. चित्राची कड कापूं नये. त्या दोन बोटें कागदांत तीन माणसांचीं नांवें असतात.

आणि कांहीं लिहून ठेवावयाचें झालें तर चित्रावर न लिहितां मागच्या फळीवर, शिसपेन्सिलीनें लिहावें. शाईचें पाणी होतें. वडिलधारीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांस विचारून घ्यावें कीं हें कोठून आणलें व कां ठेवलें; आणि घरांत जें माणूस रोज त्याची धूळ पुसतें, त्यास तें त्यांत काय पाहतें हेंहि एकदां विचारावें.